ठोकून, ऐकून, उघडून

मुंबईत इमारतीने तिशी ओलांडली की महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे तिचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. काही आठवड्यांनी सोसायटीच्या कार्यालयात एक जाडजूड अहवाल येऊन पडतो. मधल्या पानांत तक्तेच तक्ते असतात: रिबाउंड क्रमांक ३४, पल्स व्हेलॉसिटी ३.२, हाफ सेल पोटेन्शियल उणे ३८०. सर्वसाधारण सभेत ही पानं कुणी वाचत नाही. सगळे शेवटचं पान उघडतात, कारण खर्चाचा अंदाज तिथे असतो.

हे प्रकरण त्या मधल्या पानांबद्दल आहे. ते आकडे कसे मिळतात, त्यांच्यावर कितपत भिस्त ठेवावी, आणि घराला पुरणारी तपासणी पुलाला का पुरत नाही, हे समजून घ्यायचं आहे. यातली कुठलीही चाचणी 'बांधकाम सुरक्षित आहे का' या प्रश्नाचं उत्तर देत नाही. प्रत्येक चाचणी एका लहानशा प्रश्नाचं उत्तर देते, आणि तेही ती जिथे घेतली तेवढ्याच जागेपुरतं. जागा चुकली तर आकडा अचूक असूनही निरुपयोगी ठरतो.

आधी आजार पाहू. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. ताण घेण्यासाठी आत पोलादी सळया असतात. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं. त्याचा पीएच १२.५ च्या वर असतो आणि त्या वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. तो शाबूत असेपर्यंत सळई गंजत नाही. तो दोन वाटांनी नष्ट होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, काँक्रीटमधल्या चुन्याशी त्याचा संयोग होतो आणि पीएच ९ च्या खाली घसरतो. याला कार्बोनेशन म्हणतात. दुसरी वाट क्षाराची: समुद्राची हवा, खाडीची वाळू किंवा खारं पाणी यांतला क्लोराइड सळईपर्यंत पोचला की तो संरक्षक थराला जागोजागी भोकं पाडतो. मूळ लोखंडापेक्षा गंज दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. त्याला जागा नसते, म्हणून तो वरचं काँक्रीट फोडतो. सळईच्या रेषेत तडा जातो, तपकिरी ओघळ येतात आणि मग पोपडा सुटतो.

आजार इथवर आला असेल तर यंत्राची गरजच नाही. प्रश्न त्याआधीचा आहे.

तपासणारा अनुभवी माणूस सगळ्यात आधी हातोडी काढतो. बाजारात मडकं घेताना वाजवून पाहतात तसंच हे आहे. धड काँक्रीट खणखणीत वाजतं, आणि आत थर सुटला असेल तिथे बद्द आवाज येतो. पुलाच्या स्लॅबवर हातोडीने किती ठोकत बसणार, म्हणून तिथे जाड साखळी फरफटत नेतात आणि आवाज बदलेल तिथे खडूने रेघ मारतात. या साध्या पद्धतीला मी अजिबात कमी लेखत नाही. ती स्वस्त आहे, झटपट होते, आणि तिच्यामुळे माणूस बांधकामाच्या प्रत्येक चौरस मीटरपाशी जातो. पुढच्या महागड्या चाचण्या कुठे घ्यायच्या, हे याच फेरीत ठरतं.

अहवालातला पहिला आकडा, रिबाउंड क्रमांक, स्विस अभियंता अर्न्स्ट श्मिट यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलेल्या रिबाउंड हातोड्यातून येतो. स्प्रिंगवर ताणलेलं वजन एका दांड्यावर आदळतं, दांडा काँक्रीटला टेकलेला असतो, आणि वजन किती उसळलं ते पट्टीवर वाचायचं. पृष्ठभाग जितका कठीण, तितकी उसळी जास्त. पृष्ठभाग हा शब्द इथे लक्षात ठेवायचा, कारण हातोड्याला वरच्या दोन-तीन सेंटिमीटरपलीकडचं काही कळत नाही. त्यात एक विचित्र गोष्ट घडते. कार्बोनेशन झालेलं काँक्रीट वरून जास्त कठीण बनतं. म्हणजे सळईचं संरक्षण गेलेल्या जुन्या कॉलमवर हातोडा उलट चांगला आकडा दाखवतो. भारतीय मानकानुसारही या हातोड्यावरून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. प्लॅस्टर न काढता त्यावरच हातोडा मारला असेल तर त्या तक्त्याला काहीच किंमत नाही. मग हातोडा वापरायचा कशासाठी? तुलनेसाठी. एका मजल्यावरच्या वीस कॉलमपैकी तीन जण बाकीच्यांहून बरेच खाली असतील, तर त्या तिघांकडे आधी जायचं.

दुसरा आकडा लहरीचा. श्राव्यातीत लहर मोजण्याची उपकरणं १९४० च्या दशकाच्या शेवटी जवळपास एकाच वेळी दोन देशांत तयार झाली. कॅनडात धरणांना गेलेल्या तड्यांची खोली मोजायची होती, इंग्लंडमध्ये काँक्रीटच्या रस्त्यांचा दर्जा. पद्धत सरळ आहे. कॉलमच्या एका बाजूला लहर सोडणारा आणि समोरच्या बाजूला ती पकडणारा संवेदक, दोन्ही ग्रीस लावून घट्ट दाबलेले. कॉलम ३०० मिलिमीटर जाड आहे आणि लहरीला पार व्हायला ७५ मायक्रोसेकंद लागले, तर वेग सेकंदाला ४ किलोमीटर. भारतीय मानकात बरीच वर्षं रूढ असलेल्या वर्गवारीत ४.५ च्या वर उत्कृष्ट, ३.५ ते ४.५ चांगलं, ३ ते ३.५ मध्यम, आणि त्याखाली शंकास्पद. लहरीला हवेतून जाणं जड जातं, म्हणून आत पोकळी किंवा तडा असेल तर ती वळसा घालून येते आणि वेळ वाढतो.

इथेही फसगत होते. तड्यात पाणी भरलेलं असेल तर लहर त्यातून सरळ निघून जाते. त्यामुळे ऐन पावसाळ्यात घेतलेले वेग दिसायला छान असतात. लहरीच्या वाटेला समांतर जाड सळई असेल तर लहर त्या पोलादातून धावते आणि काँक्रीट आहे त्याहून चांगलं भासतं. म्हणून सळया कुठे आहेत हे चुंबकीय कव्हर मीटरने आधी शोधावं लागतं. बऱ्याच अहवालांत हा टप्पा गाळलेला असतो, आणि वाचणाऱ्याने तो मागितला पाहिजे.

ताकद खरोखर किती, याचा निकाल काँक्रीटचा कोअर कापूनच लागतो. हिऱ्याच्या कण्या बसवलेल्या पोकळ ड्रिलने दंडगोलाकार तुकडा काढायचा, दोन्ही टोकं सपाट करायची आणि प्रयोगशाळेत दाबून फोडायचा. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ताकद क्यूबच्या, म्हणजे चाचणीसाठी भरलेल्या ठोकळ्याच्या, अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. सोसायट्या कोअर घेऊ द्यायला घाबरतात. कॉलमला भोक पाडायची कल्पना कुणालाच आवडत नाही. पण जागा विचारपूर्वक निवडून, सळई वाचवून घेतलेला आणि नंतर आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ गाऱ्याने, बुजवलेला कोअर इमारतीचं नुकसान करत नाही. उलट हातोडा आणि लहर यांच्या आकड्यांना आधार मिळतो तो त्यातूनच.

आतापर्यंतचे आकडे काँक्रीटचे झाले. आपल्या किनारपट्टीवर बांधकामं मोडकळीला येतात ती बहुधा गंजामुळे, काँक्रीटची ताकद कमी पडल्यामुळे क्वचित. म्हणून माझ्या मते अहवालातली खरी वाचनीय पानं पुढे सुरू होतात.

फिनॉफ्थॅलीनचं द्रावण शाळेच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घेऊन त्यावर ते फवारलं की अल्कधर्म टिकून असलेला भाग गडद गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग होता तसाच राहतो. रंग न आलेल्या पट्ट्याची जाडी पट्टीने मोजायची. समजा २५ वर्षांच्या इमारतीत ती १५ मिलिमीटर निघाली आणि सळईवरचं कव्हर, म्हणजे तिच्यावरच्या काँक्रीटची जाडी, २५ मिलिमीटर आहे. सरळ त्रैराशिक मांडलं तर अजून सतराएक वर्षं हातात आहेत असं वाटेल. पण कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. २५ चं वर्गमूळ ५, म्हणजे वर्गमुळाच्या दर एककाला ३ मिलिमीटर. २५ मिलिमीटर गाठायला एकूण ६९ वर्षं लागतील. चित्र बरंच दिलासादायक आहे, फक्त एक अट: कव्हर खरोखर २५ मिलिमीटर असायला हवं. स्लॅब भरताना सळयांवर पाय पडतात, कव्हर ब्लॉक सरकतात, आणि नकाशात २५ असलेलं कव्हर प्रत्यक्षात १२ किंवा १५ भरतं. तिथे कार्बोनेशन सळईपाशी केव्हाच पोचलेलं असतं. म्हणून कव्हरचं मोजमाप नसेल तर कार्बोनेशनचा आकडा अर्धवटच राहतो.

क्लोराइडसाठी वेगवेगळ्या खोलीवरची काँक्रीटची पूड ड्रिलने गोळा करून प्रयोगशाळेत पाठवतात. पूड खोलीनुसार वेगळी ठेवली असेल तरच क्षार बाहेरून मुरत आत गेला की मुळातच खाऱ्या वाळूबरोबर आला, हे कळतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

हाफ सेल पोटेन्शियल मात्र मला या सगळ्यांत सुंदर वाटते. गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे, म्हणजे गंजणारी सळई एक बारीकसा विद्युतघटच असते. तिचं विद्युतविभव बाहेरून मोजता येतं. व्होल्टमीटरची एक तार एका उघड्या केलेल्या सळईला जोडायची. दुसरी तार तांबं आणि मोरचूद असलेल्या नळीला, आणि ती नळी ओल्या स्पंजातून काँक्रीटवर ठिकठिकाणी टेकवत जायची. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागातल्या रिचर्ड स्ट्रॅटफुल यांनी पुलांवर ही पद्धत रुजवली. पुढे ठरलेल्या अमेरिकी मानकाप्रमाणे विभव उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. उणे ३५० पेक्षा अधिक ऋण असेल तर गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. मधल्या पट्ट्यात काही सांगता येत नाही. दर अर्ध्या मीटरला एक असे आकडे घेऊन समान विभवाच्या रेषा काढल्या की स्लॅबचा एक नकाशा तयार होतो. वरून कोऱ्या दिसणाऱ्या स्लॅबच्या पोटात कुठे गंज चालू आहे, ते त्यावर उमटतं. पोपडा सुटण्याच्या कितीतरी आधी.

सुट्या एका आकड्यापेक्षा या नकाशातले चढउतार जास्त बोलके असतात. शिवाय गंज किती वेगाने चालला आहे हे त्यातून कळत नाही, फक्त चालला असण्याची शक्यता कळते. पाण्यात कायम बुडालेल्या खांबावर विभव अतिशय ऋण येतं, तरी तिथे प्राणवायू पोचत नसल्याने गंज जवळपास नसतो. तक्त्यातलं 'उणे ३८०' खाडीतल्या खांबाचं आहे की गच्चीखालच्या स्लॅबचं, यावर त्याचा अर्थ ठरतो.

घरांपुरतं बोलायचं तर सगळ्यात जास्त गंज संडास-बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये, पाइपांच्या डक्टला लागून असलेल्या कॉलममध्ये, गच्चीत आणि छज्ज्यांत असतो. चाचण्या मात्र पार्किंगमधल्या कॉलमवर जास्त होतात, कारण तिथे कुणाच्या घरात शिरावं लागत नाही. अहवाल हातात आला की आकड्यांच्या आधी जागांची यादी पाहा. तुमच्या इमारतीचे ओले कोपरे त्या यादीत नसतील तर तपासणी पुन्हा करून मागा. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळून माणसं मेली. ऑडिटमध्ये तो 'किरकोळ दुरुस्ती'च्या यादीत होता. तो पूल पोलादी होता, पण अहवालातल्या वर्गवारीवर डोळे मिटून विसंबण्याचा धोका सगळीकडे सारखाच आहे.

आता पूल. स्लॅबच्या पोटात सुटलेले थर शोधायला पुलांवर आणखी काही पद्धती आहेत. उन्हात तापलेल्या स्लॅबचं उष्णताचित्र घेणारा कॅमेरा थर सुटलेली जागा अधिक गरम दाखवतो, कारण खालच्या फटीतली हवा उष्णता आत जाऊ देत नाही. ढगाळ दिवशी त्याचा काही उपयोग नाही. रडारच्या लहरी सळयांवरून परततात आणि त्यांची जागा सांगतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत मेरी सॅनसलोन आणि निकोलस कॅरिनो यांनी 'इम्पॅक्ट-इको' विकसित केली. पोलादाच्या छोट्या गोळीने टोला द्यायचा आणि आत मागेपुढे आदळणाऱ्या लहरीची वारंवारता मोजायची. २० सेंटिमीटरच्या धड स्लॅबमध्ये ती सुमारे १० किलोहर्ट्झ येते. मध्यावर फट असेल तर लहर तिथूनच परतते आणि वारंवारता दुप्पट होते. हातोडीचा बद्द आवाज ओळखणाऱ्या कानाचं काम इथे गणित करतं, आणि दोष किती खोल आहे तेही सांगतं.

पण मोठे पूल बहुधा प्रीस्ट्रेस्ड असतात, आणि तिथे सगळं अवघड होऊन बसतं. गर्डरच्या पोटात नळ्या असतात, त्यांतून उच्च ताकदीच्या तारांच्या केबल ओवून प्रचंड ताणाने खेचतात आणि नळीत ग्राउट भरतात. या तारा बारीक असतात आणि कायम ताणलेल्या असतात. थोडा गंजही त्यांना पुरतो. ग्राउट नीट न भरल्याने नळीत पोकळी राहिली आणि तिथे पाणी व क्षार शिरले, तर तारा एकेक करून तुटतात. नळीमुळे गंजाला फुगायला जागा असते, म्हणून वर तडा नाही, ओघळ नाही. नळी धातूची असेल तर रडार तिच्या आत पाहू शकत नाही. हाफ सेलही नळीच्या आतल्या तारेबद्दल भरवशाचं काही सांगत नाही. जिथे आजार सगळ्यात घातक, तिथेच नेहमीच्या चाचण्या आंधळ्या.

गोव्याने हे सोसलं आहे. पणजीजवळचा मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो जेमतेम दीड दशक वापरात होता. खाऱ्या हवेत आतल्या केबल गंजल्या हे कारण पुढे आलं. पुढची काही वर्षं लोकांना पुन्हा फेरीबोटीने नदी ओलांडावी लागली. त्याच्याआधी सात महिने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, वेल्समध्ये इनिस-इ-ग्वास नावाचा १९५३ सालचा छोटा पूल कसलीही पूर्वसूचना न देता पडला. सुट्या तुकड्यांच्या सांध्यांत बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचं पाणी शिरलं होतं आणि नेमक्या त्या सांध्यांत तारा खाल्ल्या गेल्या होत्या. १९९२ साली ब्रिटनने ग्राउट भरलेल्या केबलचे नवे पूल बांधणंच थांबवलं. ती बंदी १९९६ मध्ये कडक अटींसह उठली.

इटलीतल्या जेनोवाची गोष्ट आणखी जिव्हारी लागते, कारण तिथे इशारा मिळाला होता. रिकार्दो मोरांदी यांच्या १९६७ च्या पुलाचे तणावे पोलादी केबलचे होते आणि त्यांच्याभोवती काँक्रीटचं कवच होतं. संरक्षणासाठी दिलेल्या त्याच कवचामुळे केबल दिसेनाशा झाल्या. समुद्राच्या हवेने पूल झिजतो आहे हे खुद्द मोरांदींनी १९७९ साली लिहिलं होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ११ क्रमांकाच्या खांबाचे तणावे उघडले, आत गंजलेल्या तारा सापडल्या आणि बाहेरून नव्या केबल लावून तो खांब बळकट केला. ९ क्रमांकाच्या खांबाला तो उपचार मिळाला नाही. १४ ऑगस्ट २०१८ रोजी तोच पडला आणि ४३ जण गेले. एकसारखे तीन खांब, एकच हवा, एकाच काळातलं बांधकाम. एकात आजार सापडल्यावर दुसऱ्यालाही तितकंच उघडून पाहायला हवं होतं. हे यंत्राचं अपयश नव्हतं.

पुलावर वजन ठेवून पाहावं, हा उपाय लगेच सुचतो आणि तो केलाही जातो. वाळूच्या पोत्यांनी किंवा भरलेल्या ट्रकनी टप्प्याटप्प्याने भार वाढवतात, गर्डर किती वाकला ते मोजतात, २४ तास भार ठेवतात आणि उतरवल्यावर गर्डर किती सावरतो ते पुढचे २४ तास पाहतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेप्रमाणे साध्या आरसीसी पुलाने किमान ७५ टक्के आणि प्रीस्ट्रेस्ड पुलाने ८५ टक्के वाक परत घ्यायला हवा. चाचणी उपयोगाची आहे, पण केबलच्या बाबतीत तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. प्रीस्ट्रेस्ड गर्डरला तडा जात नाही तोवर त्याचा ताठरपणा काँक्रीटच्या आकारावर अवलंबून असतो. काही तारा तुटल्या तरी वाक जवळपास तेवढाच येतो. पुलाची थरथर मोजणाऱ्या पद्धतींनाही हीच मर्यादा आहे. भारचाचणी उत्तीर्ण झालेल्या पुलाने त्या दिवशी तेवढा भार उचलला, एवढंच तिच्यातून सिद्ध होतं.

मग उरतं ते उघडून पाहणं. नळीची जागा रडारने निश्चित करून, तारेला धक्का न लावता बारीक भोक पाडतात आणि त्यातून एंडोस्कोप आत घालून ग्राउट आहे की पोकळी, तारा चकचकीत आहेत की खड्डे पडलेल्या, ते डोळ्यांनी पाहतात. कुठे उघडायचं हे पुन्हा माणसानेच ठरवायचं असतं: केबल सर्वांत उंच जाते तिथे, कारण ग्राउट खाली बसून पोकळी वर राहते, केबलच्या टोकांपाशी, आणि एक्स्पान्शन जॉइंटखाली, जिथे रस्त्याचं पाणी गळतं.

दुसरा मार्ग ऐकत राहण्याचा. जर्मनीत ड्रेस्डेनचा १९७१ सालचा कारोला पूल तीन समांतर भागांचा होता. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे त्यातला ट्रामचा भाग एल्बे नदीत कोसळला. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच पार झाली होती. ताणलेल्या पोलादात सूक्ष्म भेगा वाढत गेल्या होत्या. मग उरलेल्या दोन भागांवर ध्वनी-संवेदक बसवले. ताणलेली तार तुटते तेव्हा मोकळी झालेली ऊर्जा काँक्रीटमधून लहर बनून पसरते, आणि वेगवेगळ्या संवेदकांपाशी ती पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून तुटण्याची जागा काढता येते. २०२५ च्या उन्हाळ्यात संवेदकांनी तारा तुटल्याची नोंद केली, तेव्हा खालचा परिसर बंद करून पाडकाम उरकून घेतलं गेलं. मात्र हे संवेदक बसवल्यानंतर तुटलेल्या तारांचीच गणती करतात. त्याआधी किती तुटल्या, हे शोधायला नळी उघडावीच लागते.